भंगार, काच आणि बहुरूपी

मंडळी, आज जरा भांडायचंय. मराठी माध्यमातून बी.ए. होऊन आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसानं कॉम्प्युटरच्या भांडणात पडू नये, हे मला ठाऊक आहे. तरी पडतो.

१९८४-८५ मध्ये सरकारनं शाळांसाठी 'क्लास' हा प्रकल्प सुरू केला. त्यातून बीबीसी मायक्रो नावाची यंत्रं शाळाशाळांत गेली, तशी आमच्याकडेही आली. ३२ केबी मेमरी आणि ६५०२ प्रोसेसर. आज तेवढ्यात एक धड फोटो मावत नाही. पण आमच्या एका विद्यार्थ्यानं त्यावर देवनागरी आणली! त्यात ८ बाय ८ ठिपक्यांचं अक्षर स्वतः घडवायची सोय होती. पोरानं चौकटीच्या वहीत एकेक अक्षर रंगवलं, ओळी-ओळीचे आकडे काढले आणि पडद्यावर 'कमळ' उमटलं. सगळा वर्ग ओरडला होता.

पुढे ती यंत्रं किलोच्या भावानं भंगारात गेली. मी विरोध केला तर उत्तर मिळालं, "सर, जुनं झालं ते." पोराची वही तेवढी मी उचलून घरी आणली.

गेल्या वर्षी नातवानं त्या वहीतला प्रोग्रॅम 'जेएसबीब'मध्ये टाइप केला. मॅट गॉडबोल्ट यांचा हा एम्युलेटर जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला आहे. दोन ठिकाणी माझ्या चष्म्यामुळे आकडे चुकले, मग 'कमळ' उमटलं. खरं सांगतो, डोळे भरून आले.

मी विचारलं, हे होतं कसं? नातू म्हणाला, "आजोबा, ६५०२ला मोजून ५६ सूचना कळतात. एम्युलेटर मेमरीतून आकडा उचलतो, त्याचा अर्थ लावतो, त्या चिपनं केलं असतं तेच करतो आणि पुढचा उचलतो." म्हणजे बहुरूपीच की! सोंग इतकं चोख, की जुन्या प्रोग्रॅमला पत्ताच लागत नाही.

आता भांडण. एक पक्ष म्हणतो, भंगारात द्या. दुसरा म्हणतो, काचेच्या कपाटात ठेवा. केळकर संग्रहालयातला दिवा न पेटवताही सुंदर दिसतो, पण बंद कॉम्प्युटर म्हणजे नुसता डबा. तिसरे शहाणे म्हणतात, तोच प्रोग्रॅम नव्यानं लिहा. मग ती पोराची कृती राहिली कुठे? तो झाला आपला अनुवाद.

पेशवे दफ्तरात रुमालांचे ढीग आहेत, पण मोडी वाचणारा नसेल तर ते रद्दीच. एम्युलेटर हा जुन्या यंत्रांचा मोडी-वाचक आहे. आणि तो कुठल्याही यंत्रावर चालेल अशा भाषेतच लिहायला हवा. एकाच कंपनीच्या यंत्राला बांधलेला लिहिला, तर वीस वर्षांनी एम्युलेटरसाठी एम्युलेटर शोधावा लागेल!

हे फक्त परक्या यंत्रांपुरतं नाही. आपल्या पुण्यातल्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड आठवतं? पीसीत ते खोचलं की डॉसवर मराठी दिसायची. 'डॉसबॉक्स' डॉसचं सोंग घेतो, पण नेहमीच्या डॉसबॉक्समध्ये ते कार्ड नाही. त्यावर लिहिलेला मजकूर तक्ता लावून युनिकोडमध्ये आणता येतो, पण पडद्यावर ती मराठी कशी उमटायची, हे नातवंडांना कसं दाखवणार?

म्हणून माझी मागणी साधी आहे. बंद पडलेल्या यंत्रांचे आराखडे आणि त्यांच्या रॉममधला मजकूर खुला करा. बहुरूप्याला मूळ माणूस कसा बोलायचा हे कळल्याशिवाय सोंग वठत नाही. आणि कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलांना पाचशेवं हॉटेल-बिलिंग करायला लावण्याऐवजी एक जुनी चिप जिवंत करायला सांगा. यंत्र आतून कसं चालतं ते तरी कळेल.

असो. तुमच्या माळ्यावर जुन्या फ्लॉप्या असतील तर या पावसाळ्याआधी खाली काढा. बुरशी वाट पाहत नाही.