दाढेचे दुखणे आणि हृदयाची झडप

मये गावातील एखाद्या गृहस्थाची दाढ ठणकू लागली की आधी लवंग, मग मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि तेवढ्याने न भागल्यास डिचोलीची बस, हा क्रम ठरलेला आहे. दंतवैद्य दाढ काढतात आणि प्रकरण मिटते. परंतु ज्याच्या हृदयात कृत्रिम झडप बसविलेली आहे, त्याचे दुखणे तेथूनच सुरू होण्याचा संभव असतो, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशा गांभीर्याने घेतली जात नाही.

दात उपटताना तोंडातील जंतू रक्तात शिरतात. १९३५ साली ओकेल व इलियट यांनी दात काढलेल्या १३८ जणांचे रक्त तपासले, तेव्हा ८४ जणांच्या रक्तात ते आढळले. निरोगी शरीर त्यांचा थोड्याच वेळात निकाल लावते. कृत्रिम झडपेवर मात्र त्यांना ठाण मांडता येते. हा विकार उपचारांअभावी प्राण घेतो, आणि उपचार मिळूनही सारेच वाचतात असे नाही.

म्हणून दात काढण्यापूर्वी प्रतिजैविक देण्याची शिफारस अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९५५ साली केली. २००७ साली त्याच संस्थेने ती कृत्रिम झडप, पूर्वी होऊन गेलेला हाच विकार, काही जन्मजात हृदयदोष अशा मोजक्या रुग्णांपुरती आखडती घेतली. कारण साधे आहे. किडलेले दात आणि सुजलेल्या हिरड्या असतील तर रोजच्या चावण्याघासण्यानेही जंतू रक्तात जातच असतात. एका दिवसाची गोळी वर्षभराच्या मशेरीची भरपाई कशी करणार? आणि ज्यांना धोका नाही, त्यांनी औषधाच्या दुकानातून मनानेच अशा गोळ्या आणून घेणे हा तर शुद्ध अविचार होय.

बांबोळीस वैद्यकीय महाविद्यालय आणि दंत महाविद्यालय शेजारी शेजारी उभी आहेत. झडपेची शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाच्या हाती मराठी-कोंकणीत छापलेले एक कार्ड देणे, एवढे तरी सरकारला जड जाऊ नये. खुर्चीवर बसताच ते दाखविले की दंतवैद्याला विचारावे लागणार नाही आणि रुग्णाला आठवावे लागणार नाही. रक्त पातळ ठेवणारी गोळी परस्पर बंद करू नये, हेही त्यावर ठळक छापावे.

दात काढल्यानंतर काही आठवड्यांत अशा रुग्णास बारीक ताप येऊ लागला, की घरचे तो हिवताप समजतात आणि हाती लागेल ती गोळी देतात. जंतुपरीक्षेसाठी रक्त घेण्यापूर्वीच प्रतिजैविक पोटात गेले, तर जंतू सापडत नाहीत आणि बांबोळीचे डॉक्टर अंधारात चाचपडत राहतात.