कणकण येण्याआधी

मराठीत तापाला पायऱ्या आहेत. आधी अंग मोडून येते, मग कसर जाणवते, कणकण येते आणि शेवटी माणूस तापाने फणफणतो. वाशीतल्या आमच्या शिक्षकखोलीत हल्ली मनगटावरची घड्याळे पहिल्या पायरीच्याही आधीचे सांगू पाहतात.

ही नुसती बढाई नव्हे. नोव्हेंबर २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या मायकेल स्नायडर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोविड झालेल्या ३२ जणांपैकी २६ जणांच्या हृदयगतीत, चालण्यात वा झोपेत बदल आढळला होता. पुष्कळांत तो लक्षणांच्या आधीच. मात्र हृदयगती जागरणाने, मद्याने, धास्तीनेही वाढते. विषाणू कोणता, हे मनगट सांगत नाही.

आमचा आक्षेप निराळा आहे. ‘बदल’ कळायचा तर त्या माणसाचे ‘नेहमीचे’ आधी ठाऊक हवे. आमचे नोंदलेले असते. इथल्याच बाजार समितीत पोती वाहणाऱ्या माथाडी कामगाराचे कोण नोंदतो? मे २०२० मध्ये साथ पसरल्यामुळे बंद ठेवावा लागला, तो त्याचा बाजार. आमची शिक्षकखोली नव्हे.

आणखी एक. १८९७ च्या प्लेगात तपासनीस घरात शिरत, त्या संतापाची परिणती पुण्यात रँडच्या खुनात झाली. आता तपासनीस आपणच हौसेने विकत घेऊन मनगटावर बांधतो. उद्या संस्थेने वा विमा कंपनीने त्याची वही मागितली, तर नाही म्हणण्याची सोय कितीजणांना असेल? आमच्यापैकी एकीने घड्याळ काढून ठेवले आहे. उरलेल्या दोघांना ते अजून पटलेले नाही.