मासे आणण्याआधीची टाकी
टाकीत पाणी भरलं की मुलांना त्याच संध्याकाळी मासे हवे असतात, आणि दुकानदारही नाही म्हणत नाही. पण नितळ पाणी म्हणजे तयार पाणी नव्हे. माशांच्या शरीरातून विषारी अमोनिया बाहेर पडतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचं बरंच सौम्य नायट्रेट करतात. फिल्टरच्या स्पंजात ही वस्ती बसायला साधारण 4 ते 6 आठवडे जातात. तोवर क्लोरीन काढलेलं पाणी, चालू फिल्टर आणि रोज चिमूटभर माशांचं खाणं, एवढंच. रिकामी टाकी बघून पाहुणे हसतात, हसू देत! टेस्ट न करता सॉफ्टवेअर लाइव्ह करत नाहीत. किटमध्ये आधी चढलेले अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले, नायट्रेट दिसू लागलं, की दोन-तीन मासे आणा. पुढेही स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीननं जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.