अंगणातला बर्फ कोणी काढायचा?

दिवाळीचा फराळ संपत आला की दवाखान्यात एका विशिष्ट प्रकारची वर्दळ सुरू होते. मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिका-कॅनडात सहा महिने राहण्यासाठी निघालेले ज्येष्ठ नागरिक रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या औषधांची चिठ्ठी लिहून घ्यायला येतात. विमानात पायांना येणारी सूज, औषधांच्या बदललेल्या वेळा, प्रवासी विमा अशा साऱ्या गोष्टींची चौकशी होते. मात्र तिकडच्या हिवाळ्यात घरासमोर साचणाऱ्या बर्फाविषयी सहसा कोणी विचारत नाही. तो आरोग्याचा प्रश्न आहे, असे वाटतच नाही.

म्हणूनच एका वाचक भगिनींच्या पत्राचे मला विशेष वाटले. त्या आणि त्यांचे यजमान यंदाचा हिवाळा अमेरिकेच्या उत्तरेकडील मिनेसोटा राज्यात मुलाकडे घालवणार आहेत. यजमानांचे वय ६८. काही वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. मुलाने नुकतेच स्वतंत्र घर घेतले आहे. बर्फ काढण्याचे यंत्र विकत घ्यावे, गाडीला बर्फ ढकलणारे पाते बसवावे की हे काम कंत्राटाने द्यावे, यावर घरात खल चालू आहे. यजमानांचे म्हणणे असे, की “मी दिवसभर घरीच असतो, फावडे घेऊन मीच काढीन. उगाच पैसे कशाला घालवायचे?” भगिनींनी विचारले आहे, “डॉक्टर, तुम्हाला काय वाटते?”

ज्यांनी तो हिवाळा पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण करतो. तिकडे गॅरेजपासून रस्त्यापर्यंत मोटार जाण्यासाठी जी फरसबंद वाट असते, तिला ड्राइव्हवे म्हणतात. सार्वजनिक रस्त्यावरचा बर्फ नगरपालिका हटवते. ड्राइव्हवेवरचा बर्फ मात्र घरमालकालाच काढावा लागतो. पुष्कळ शहरांत घरासमोरचा पदपथही ठरावीक तासांच्या आत मोकळा करण्याचे बंधन त्याच्यावर असते. म्हणजे हे काम टाळता येत नाही, आणि ते नेमके सकाळी, कामावर जाण्याच्या घाईत करावे लागते.

आता या कामाचे वजन पाहू. सहा मीटर रुंद आणि बारा मीटर लांब अशा ड्राइव्हवेवर पंधरा सेंटिमीटर बर्फ पडला, तर तो जवळजवळ अकरा घनमीटर भरतो. ताजा, भुसभुशीत बर्फ हलका असतो. तरीही त्याचे वजन सुमारे एक टन होते. तोच बर्फ ओला असेल, तर तीन टनांवर जातो. हे सारे वजन फावड्याफावड्याने उचलून बाजूला फेकायचे असते.

हृदयाच्या दृष्टीने हे श्रम चालण्या-फिरण्याच्या श्रमांहून निराळे आहेत. फावडे मारताना हात आणि खांदे काम करतात, पाय जवळजवळ जागेवरच असतात. जड फावडे उचलताना माणूस नकळत श्वास रोखतो, त्यामुळे रक्तदाब एकदम चढतो. थंडीने त्वचेखालच्या आणि हृदयाच्याही रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. म्हणजे हृदयाची रक्ताची गरज वाढते आणि त्याच वेळी पुरवठ्याची वाट अरुंद होते. त्यात वेळ सकाळची; हृदयविकाराचे झटके सकाळच्या प्रहरी अधिक येतात, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

१९९५ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा पण बोलका प्रयोग प्रसिद्ध झाला. व्यायामाची सवय नसलेल्या दहा निरोगी तरुणांना जड, ओला बर्फ काढायला सांगितले. अवघ्या दोन मिनिटांत त्यांच्या नाडीने कमाल क्षमतेच्या ८५ टक्क्यांची मर्यादा ओलांडली. पुढे ती सरासरी १७५च्या घरात गेली. हे तिशीच्या आसपासचे तरुण होते, हे लक्षात घ्यावे. कॅनडातील क्यूबेक प्रांतात १९८१ ते २०१४ या काळातील नोंदींचा अभ्यास झाला. वीस सेंटिमीटर हिमवृष्टीनंतरच्या दिवशी, बर्फ न पडलेल्या दिवसांच्या तुलनेत, हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल होणाऱ्या पुरुषांचे प्रमाण १६ टक्क्यांनी आणि त्याने मृत्यू पावणाऱ्यांचे प्रमाण ३४ टक्क्यांनी जास्त आढळले. स्त्रियांमध्ये असा संबंध दिसला नाही. फावडे बहुधा पुरुषांच्या हाती असते, हे त्याचे एक संभाव्य कारण. अमेरिकेत १९९० ते २००६ या सतरा वर्षांच्या अभ्यासात फावड्याने बर्फ काढताना १,६४७ जण दगावल्याचे आढळले आणि ते सारे मृत्यू हृदयाशी संबंधित होते.

म्हणून पहिले उत्तर स्पष्ट आहे. अँजिओप्लास्टी, बायपास किंवा झटका येऊन गेलेला असेल, छातीत दुखत असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा हृदयाची ताकद कमी झालेली असेल, तर फावडे हातात घ्यायचे नाही. “मी रोज एक तास चालतो” हे उत्तर येथे पुरेसे नाही. साठी ओलांडलेल्या, वरवर निरोगी पण बैठ्या माणसानेही या कामापासून दूरच राहावे.

आता तीन पर्यायांकडे वळू.

पहिला पर्याय स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ आत ओढून नळीतून दूर फेकणारे यंत्र. लहान यंत्र साधारण पंधरा-वीस सेंटिमीटरपर्यंतच्या ताज्या बर्फाला आणि फरसबंद जागेला पुरते. खडीच्या वाटेवर ते दगड भिरकावते. मोठ्या, दुहेरी टप्प्याच्या यंत्रात बर्फ आत ओढणारे मळसूत्र वेगळे आणि फेकणारा पंखा वेगळा असतो. ते खोल आणि घट्ट बर्फही काढते, पण वजनाने जड असते. वळवताना खांद्यांचा कस लागतो. वर सांगितलेल्या प्रयोगातील तरुणांची नाडी यंत्र वापरताना १२० ते १२५ होती. फावड्यापेक्षा हे कितीतरी बरे. परंतु ६८ वर्षांच्या माणसाची कमाल नाडी अंदाजे १५० धरली, तर तेवढी नाडीसुद्धा त्याच्या मर्यादेच्या ८० टक्क्यांवर जाते. यंत्र म्हणजे हृदयरुग्णाला मिळालेला परवाना नव्हे. पेट्रोलचे यंत्र दोरी ओढून सुरू करावे लागत असेल, तर गारठ्यात दिलेले ते झटके हेही आकस्मिक श्रमच. म्हणून ज्येष्ठांच्या घरात बटणावर सुरू होणारे, बॅटरीवरचे यंत्र अधिक सोयीचे.

यंत्राचे आणखी दोन धोके कायम ध्यानात ठेवावेत. ओला बर्फ नळीत अडकला, की तो हाताने काढण्याचा मोह होतो. इंजिन बंद केल्यावरही पट्ट्यात ताण शिल्लक असतो. अडथळा सुटताच पाते फिरते आणि बोटे तुटतात. यंत्र बंद करून, थांबून, त्यासाठी मिळणाऱ्या काठीनेच बर्फ सोडवावा. हात कधीही आत घालू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना तर लहान जखमही महागात पडते. मफलर, शाल, ओढणी यांचे मोकळे टोक यंत्राजवळ नको. दुसरा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. पेट्रोलचे यंत्र गॅरेजमध्ये, दार उघडे असले तरीही, चालू ठेवू नये. या वायूला वास नसतो. डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे एवढीच त्याची चाहूल असते.

दुसरा पर्याय प्लाऊ, म्हणजे ट्रकच्या पुढे बसवायचे, बर्फ ढकलणारे पोलादी पाते. चालक बंद, उबदार केबिनमध्ये बसलेला असल्याने हृदयावर भार सर्वांत कमी. पण त्यासाठी योग्य पिकअप ट्रक लागतो. साध्या कौटुंबिक मोटारीला ते पाते बसत नाही. खर्च हजारो डॉलरांचा. गावाबाहेर लांबलचक ड्राइव्हवे असलेल्या घरालाच तो परवडतो. शिवाय पाते पायऱ्यांपर्यंत आणि गॅरेजच्या दारापर्यंत पोहोचत नाही, म्हणजे उरलेल्या बर्फासाठी फावडे पुन्हा आलेच. अंधारात, घसरत्या जमिनीवर गाडी मागे-पुढे घ्यावी लागते. पाहुण्या म्हणून गेलेल्या आजोबांनी हे काम अंगावर घेऊ नये आणि त्या वेळी नातवंडांनी बाहेर असू नये.

तिसरा पर्याय कंत्राटाचा. पैसे दर खेपेला किंवा संपूर्ण हंगामाचे एकदम द्यायचे असतात. करार करताना काही गोष्टी विचारून घ्याव्यात. किती बर्फ पडल्यावर माणूस येणार? सकाळी किती वाजेपर्यंत? पायऱ्या आणि दारापर्यंतची पायवाट करारात आहे का? मीठ टाकणार का? त्याच्याकडे दायित्व विमा आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचे, नगरपालिकेची गाडी येऊन गेल्यावर तो पुन्हा येणार का?

या शेवटच्या प्रश्नाचे कारण असे. रस्ता साफ करणारी ती गाडी जाताजाता ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फाचा बांध घालून जाते. तो दाबलेला, ओला आणि साऱ्या अंगणात सर्वांत जड असतो. ड्राइव्हवे स्वच्छ झालेला असतो, फक्त तेवढा बांध उरलेला असतो, आणि “एवढ्याशासाठी कोणाला बोलवायचे?” म्हणून माणूस फावडे उचलतो. काही शहरांत ज्येष्ठ नागरिकांसाठी तो बांध किंवा पदपथ साफ करून देण्याची सोय असते. मुलाने आपल्या नगरपालिकेत चौकशी करावी.

पुष्कळांना हंगामाचे पैसे अधिक वाटतात, विशेषतः बर्फ कमी पडला तर. पण आजारी पडलो नाही म्हणून विम्याचा हप्ता वाया गेला, असे आपण म्हणत नाही. परदेशात पाहुणे म्हणून गेलेल्यांच्या विम्यात जुन्या आजारांचा खर्च पुष्कळदा मर्यादितच मिळतो. हृदयविकाराच्या एका रात्रीच्या बिलापुढे संपूर्ण हंगामाचे कंत्राट किरकोळ ठरेल.

तेव्हा पत्रलेखिका भगिनींना माझे उत्तर असे: आपल्या घरासाठी कंत्राट हाच मुख्य पर्याय असावा. त्याच्या जोडीला, मुलगा किंवा सूनबाई वापरतील असे बॅटरीचे लहान यंत्र घ्यावे. प्लाऊचा विचार सोडून द्यावा.

तरीही केवळ पर्याय निवडून काम संपत नाही. अपघात होतो तो व्यवस्था कोलमडते तेव्हा. कंत्राटदार दोन तास उशिरा येणार असतो, बॅटरी उतरलेली असते, मुलगा परगावी असतो, सुनेला कामावर निघायचे असते. अशा वेळी घरातला सर्वांत रिकामा माणूस पुढे होतो, आणि पुष्कळदा तोच सर्वांत नाजूक हृदयाचा असतो. म्हणून पहिला बर्फ पडण्यापूर्वी सर्वांनी एकत्र बसून ठरवावे: माणूस आला नाही, तर कोणाला फोन करायचा? शेजारच्या कोणत्या तरुणाला पैसे देऊन बोलवायचे? आणि कोणीच मिळाले नाही, तर त्या दिवशी घरूनच काम करायचे, हे मुला-सुनेने आधीच मान्य करावे. फावडे दाराशी उभे करून ठेवू नये. ते नजरेसमोर असले की हात जातोच.

ज्यांचे हृदय धडधाकट आहे, त्या तरुणांनीही पोटभर न्याहारी किंवा सिगारेट ओढून लगेच बर्फ काढायला जाऊ नये. लहान फावडे घ्यावे, बर्फ उचलण्यापेक्षा ढकलावा, दर दहा मिनिटांनी आत येऊन विसावावे. छातीत दडपण, जबडा किंवा हात दुखणे, धाप, थंडीतही दरदरून घाम, भोवळ यांपैकी काहीही जाणवले, तर काम तेथेच थांबवून ९११ वर फोन करावा. “थोडे पडून बघतो” असे म्हणू नये आणि स्वतः गाडी चालवत रुग्णालयात जाऊ नये.

एक गोष्ट मुला-सुनांसाठी. “बाबा, तुम्ही काही करू नका” हे वाक्य काळजीपोटी असले तरी बोचते. आयुष्यभर घर चालवलेल्या माणसाला परक्या देशात नुसते खिडकीशी बसून राहणे जड जाते. फावडे उचलण्यामागे बहुधा पैशांपेक्षा हीच अस्वस्थता असते. त्यांना हृदयाला झेपेल असे खरे काम द्या. किती बर्फ पडला ते ओसरीवर पट्टीने मोजणे, कंत्राटदाराला फोन करणे, तो कधी आला आणि काय राहिले याची नोंद ठेवणे, यंत्राची बॅटरी भरलेली आहे ना हे पाहणे, मुलगा बाहेर काम करीत असताना खिडकीतून त्याच्याकडे लक्ष ठेवणे. ही देखरेख कमी दर्जाची नाही. काम करून घेणारा अनुभवी माणूस प्रत्येक घराला लागतोच.

निघण्यापूर्वी ज्यांना हृदयविकार आहे, त्यांनी डॉक्टरांकडून आपल्या आजाराचा आणि औषधांचा एक पानी गोषवारा इंग्रजीत लिहून घ्यावा आणि त्याची एक प्रत तेथील घरात फ्रिजच्या दारावर लावावी. शेजारी कंत्राटदाराचा दूरध्वनी क्रमांकही असू द्यावा.