गैरहजर मूल कोणाचें ?

कापूस वेचणीला आला, कीं आमच्या पारशिवनी तालुक्यांतील खेड्यांच्या शाळांत हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढूं लागतात. कोणाची मोठी बहीण तान्ह्या भावाला घेऊन बांधावर बसलेली असते, कोणी आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेला असतो, आणि एखादा असा कीं तो दिवसभर कोठें असतो हें त्याच्या घरींही कोणास ठाऊक नसतें. मास्तर खूण करतो, महिनाअखेर बेरीज मांडतो, कागद वर जातो. मूल मात्र जेथें आहे तेथेंच राहतें.

हें कायद्याच्या अभावीं होतें काय ? मुळींच नाहीं. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ सालीं झाला व १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. वयाचा दाखला नाहीं म्हणून ६ ते १४ वर्षांच्या मुलाला परत पाठवितां येत नाहीं. आधींच्या शाळेचा दाखला यावयास उशीर झाला तरी त्याला दाराबाहेर ठेवतां येत नाहीं. छडीला बंदी आहे आणि जिभेच्या छडीलाही आहे. शाळा व्यवस्थापन समितींत शेंकडा ७५ आईबाप असावेत व निम्म्या स्त्रिया असाव्यात, असें त्यांत लिहिलें आहे. मुलाची हजेरी व प्रगति पालकांना वेळोवेळीं भेटून सांगणें हें शिक्षकाचें काम म्हणून नेमून दिलें आहे. ही गोष्ट आम्हां मास्तरमंडळींपैकीं पुष्कळांना आठवत नाहीं, म्हणून येथें सांगितली.

मग अडतें कोठें ? आमच्या मतें अडतें तें एवढ्यावरच, कीं मुलाची हकीकत गांवांत पांच तुकड्यांनीं पांच घरीं पडून असते. घरांत आई आजारी आहे हें आशाताईला ठाऊक. धाकट्याचें वजन उतरलें हें अंगणवाडीताईच्या वहींत. बाप रात्रीं दारू पिऊन मारतो हें पोलीस पाटलाच्या कानावर. बाप वारला तर त्याची नोंद ग्रामसेवकापाशीं. आणि मास्तराला दिसतें काय, तर पोरगें वर्गांत झोपतें किंवा शेजाऱ्याच्या अंगावर धांवून जातें. प्रत्येकजण आपल्या तुकड्यापुरतें बरोबर बोलतो. सगळे तुकडे एके ठिकाणीं कोणी मांडीत नाहीं.

आपल्या विदर्भांत न सांगतां कळेल असें एक उदाहरण घ्या. कर्जापायीं कर्ता पुरुष गेला. दहा वर्षांचा मुलगा आहे. तेरावें झाल्यावर तो शाळेंत येतो, पण पूर्वीचा राहिलेला नसतो. चोऱ्या करतो, उलट बोलतो. वर्गांत त्याला 'वाह्यात' हें नांव पडतें, आणि एक दिवस तो येईनासा होतो. याच मुलासाठीं सरकारची बालसंगोपन योजना आहे. तिला आतां सावित्रीबाई फुल्यांचें नांव दिलें आहे. २०२३ सालीं तिची रक्कम महिना १,१०० रुपयांवरून २,२५० झाली. पण त्यासाठीं बापाच्या मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतींतून, मूल शाळेंत असल्याचा दाखला शाळेंतून, उत्पन्नाचा तहसिलींतून, अर्ज नागपूरला महिला व बालविकास कचेरींत, आणि हुकूम बालकल्याण समितीचा. प्रत्येक खेपेला त्या बाईची एक दिवसाची मजुरी बुडते. तिसऱ्या खेपेला ती नाद सोडते, आणि लोक म्हणतात, अडाणी आहे ! यांतले दोन दाखले देणारीं माणसें तिच्याच गांवचीं असतां त्या बाईनेंच एवढीं दारें कां झिजवावींत ?

'वाह्यात' या शब्दाबद्दलही थोडें बोलावयाचें आहे. पैकेवाल्याचा मुलगा मारामारी करील तर तो खोडकर. वडाराचा किंवा गोंडाचा करील तर तो गुन्हेगार वळणाचा. जन्मावरून गुन्हेगार ठरविणारा १८७१ चा कायदा १९५२ सालीं रद्द झाला, तो शाळेच्या वऱ्हांड्यांतून अजून पुरता गेलेला दिसत नाहीं.

गांवानें मूल आपलें मानलें म्हणजे काय होतें, हें आपल्या लोकांनीं करून दाखविलेलें आहे. जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं करवीर राज्यांत शिक्षण सक्तीचें करून, मुलाला न पाठविणाऱ्या आईबापांस महिना एक रुपया दंड ठेवला. (आजच्या विधवा मजूर बाईला दंड करून कांहीं साधेल असें मात्र आम्हांस वाटत नाहीं.) भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढें साताऱ्याचें वसतिगृह शेतकऱ्यांच्या घरोघरच्या मूठमूठ धान्यावर चालविलें, तें कमी पडलें तेव्हां लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने मोडले. आणि १९२२ सालीं नागपुरांत चोखामेळ्याच्या नांवानें मुलींची शाळा काढणाऱ्या जाईबाई चौधरी पूर्वी हमाली करीत होत्या. यांपैकीं कोणीही, हें काम माझ्या खात्याचें नव्हे, असें म्हटलें नाहीं.

आतां करावयाचें काय तें सांगतों. गांवोगांव बालसंरक्षण समिति असावी असा सरकारी ठराव आहे. सरपंच तिचे अध्यक्ष, अंगणवाडीताई सचिव. पुष्कळ ठिकाणीं तिची बैठक म्हणजे घरोघर फिरविलेलें सह्यांचें रजिस्टर. ही समिति व शाळेची समिति महिन्यांतून एकदां एकत्र बसवा, आणि ती दुपारीं नव्हे, मजूर घरीं परतल्यावर, दिवेलागणीनंतर. मास्तरानें हजेरीपट घेऊन यावें. आठवडाभर न आलेल्या प्रत्येक मुलापुढें एका माणसाचें नांव लिहावें, आणि पुढच्या बैठकींत पहिला प्रश्न त्यालाच विचारावा. बापाची दारू, आईची अब्रू असल्या गोष्टी मात्र बैठकींत काढूं नयेत. त्या दोघां विश्वासू माणसांतच राहाव्यात, नाहीं तर मूल वांचावयाचें राहील आणि घर गांवभर होईल. मुलीचें लग्न वयाआधीं ठरत असेल तर ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे. रात्रीबेरात्रीं मूल संकटांत असेल तर १०९८ हा फुकट टेलिफोन आहे. भट्टीवर निघालेल्या कुटुंबाच्या हातीं मास्तरानें शिक्षण हमी पत्रक द्यावें, म्हणजे तिकडच्या शाळेंत मूल बसूं शकेल.

लोहार, सुतार, कुंभार बंधूंना आमची वेगळी विनंति आहे. ज्या पोराचें अक्षरांत मन लागत नाहीं, तें संध्याकाळीं तुमच्या भात्यापाशीं, चाकापाशीं बसावयास आलें तर त्याला हाकलूं नका. त्याला कामाला जुंपूं नका, मजूर करूं नका. बसूं द्या, विचारूं द्या, आणि सकाळीं शाळेंत गेला होतास काय, एवढें पुसत जा.

येत्या महिन्याच्या पहिल्या शनिवारीं ज्या गांवांत अशी बैठक भरेल, तेथील मंडळींनीं मुलांचीं नांवें न लिहितां, किती मुलें शाळेंत परत आलीं व किती आलीं नाहींत, एवढें आम्हांस पत्रानें कळवावें. दोन्ही आंकडे छापूं.