पगार सोडताना

मागच्या महिन्यात परळहून एका भगिनीचा फोन आला. आवाज दबलेला होता, कारण शेजारच्या खोलीत मुलाचे अब्बा होते. मुलगा लोअर परळला एका मोठ्या कंपनीत आहे, पगार चांगला, लग्नाला दोन वर्षं झालेली. आता म्हणतो, नोकरी सोडतो आणि श्रीवर्धनकडच्या आपल्या जुन्या घराचं पाच खोल्यांचं हॉटेल करतो. ‘बुटीक हॉटेल’ हा त्याचा शब्द. अब्बांनी त्याच्याशी बोलणंच टाकलंय. त्यांचे वडील गिरणीत होते. 1982 च्या संपात घरात पगार येणं थांबलं, ते दिवस त्यांनी लहानपणी पाहिलेत. त्यांना हॉटेल दिसत नाही, एक तारखेला रिकामा आलेला हात दिसतो.

“आपा, तो मला त्या गूगलवाल्या बोहरी मुलाचं उदाहरण देतो,” त्या म्हणाल्या.

मुनाफ कपाडिया यांची ही गोष्ट आपल्याकडच्या बऱ्याच तरुणांच्या तोंडी आहे. कुलाब्याचं दाऊदी बोहरा कुटुंब, मुलगा गूगलमध्ये, अम्मी नफीसा सुगरण. टीव्हीचा रिमोट कोणाकडे यावरून मायलेकात कुरबुर झाली आणि अम्मीच्या हाताला काहीतरी काम हवं, असं मुलाच्या मनात आलं, असं तेच सांगतात. नोव्हेंबर 2014 मध्ये ओळखीच्यांना ई-मेल गेले: आमच्या घरी जेवायला या, पैसे देऊन. लोक आले. मोठ्या थाळाभोवती सगळे एकत्र बसायचे, चिमूटभर मिठाने सुरुवात, मग गोड आणि तिखट आळीपाळीने. धुरी दिलेल्या खिम्याच्या समोशाचं नाव झालं. 2015 मध्ये त्यांनी नोकरी सोडली. 2017 मध्ये फोर्ब्स इंडियाच्या तिशीच्या आतल्या तीस जणांच्या यादीत नाव आलं, 2021 मध्ये पुस्तकही आलं. ‘गूगल सोडून समोसे विकले’ हे त्या पुस्तकाचं नावच आहे म्हणा ना.

पण नावात मावलं नाही ते मला त्या भगिनीला सांगावंसं वाटलं. पहिली दावत झाली तेव्हा मुनाफ यांची नोकरी चालू होती. सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या घरात, जागेचं भाडं न भरता त्यांनी आधी करून पाहिलं. कोणीही उठून यावं असंही नव्हतं. आधी विचारायचं, घरचे चौकशी करणार, मग जागा मिळणार. ज्या घरात आया-बहिणी राहतात, तिथे हे शहाणपणाचंच. पुढे घराबाहेर स्वतंत्र किचन घेतलं, डिलिव्हरी सुरू झाली, तेव्हा भाडं आलं, पगार आले, पैशाची ओढाताणही आली. ती त्यांनी लपवलेली नाही. वर 2020 ची टाळेबंदी. आणि या सगळ्याचं खरं भांडवल अम्मीच्या हातात होतं. ते कुठल्याही बँकेत मिळत नाही.

हॉटेल तर याहून अवघड. उरलेला समोसा घरात खाता येतो, आजची रिकामी खोली उद्या विकता येत नाही. पाच खोल्या म्हणजे महिन्याच्या 150 रात्री. मुंबई-पुण्याचे लोक शुक्रवार-शनिवारीच आले, तर सगळ्या खोल्या भरूनही 40-45 रात्रीच होतात. पावसाळ्यात त्याही नाहीत. कर्जाचा हप्ता मात्र तीसही दिवस चालू, आणि तो व्याजाचा असेल तर अब्बांचा जीव आणखी तुटणार.

मग मी विचारलं, “बाजी, घर कोणाच्या नावावर आहे?”

घरपट्टी एका चुलत्याच्या नावाने येते. दादांच्या मागे वाटणी झालीच नाही. दोन फूफी आहेत, एक महाडला, एक मुंब्र्याला. कुरआनाने मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा ठरवून दिलाय, आणि तो भावाच्या मर्जीवर ठेवलेला नाही. आपण मात्र ‘ती कुठे मागतेय’ म्हणून गप्प बसतो. पडक्या घरात कोणी मागत नाही, हे खरं. त्याच घराला रंग लागला, माणशी पैसे येऊ लागले, की त्याच फूफींची मुलं विचारायला येतील, आणि त्यांचं चुकणार नाही. एखाद्या फूफीने आपला हिस्सा धंद्यात ठेवला, तर तीही भागीदार. नफा कसा वाटायचा, नुकसान कोणी सोसायचं, हे कागदावर हवं. कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282 वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. आपल्या घरांत लिहा म्हटलं, की ‘भरवसा नाही का?’ असं ऐकायला मिळतं!

आणखी एक विचारलं. पाहुण्यांना रांधून कोण घालणार?

“सून आहे ना, हात चांगला आहे तिचा.”

“तिला विचारलं का?”

फोनवर बराच वेळ काही आवाज नाही. सून दादरला एका शाळेत शिकवते. नवऱ्याच्या स्वप्नात तिच्या वाट्याला सकाळची न्याहारी, दुपारची मासळी, रात्रीच्या तांदळाच्या रोट्या होत्या, आणि हे तिच्याशी कोणी बोललंच नव्हतं.

मुलाचं चुकतंय, असं मला वाटत नाही. श्रीवर्धनला आपल्या माणसांनी घरं बंद ठेवून मुंबई आणि आखात गाठलं. तिथे कोणी परत जाऊन दिवा लावत असेल, तर चांगलंच आहे. म्हणून मी एवढंच सुचवलं: नोकरी राहू द्या, आधी दोनच खोल्या नीट करा, एक पूर्ण वर्ष, पावसाळ्यासकट, ओळखीतल्या कुटुंबांना ठेवून पाहा. पर्यटन खात्याच्या निवास-न्याहरी योजनेत राहत्या घराची नोंदणी होते, तिची चौकशी करा. नवं बांधकाम काढायचं तर समुद्रकिनाऱ्याचे नियम आधी पाहा. आणि वाटणीशिवाय एक खिळाही ठोकू नका.

परवा पुन्हा फोन आला. या वेळी आवाज मोकळा होता. नोकरी चालू आहे. अब्बा अजून ‘हो’ म्हणालेले नाहीत, पण शनिवारी मुलाबरोबर मुंब्र्याला जाऊन बहिणीला भेटून आले. महाडला पुढच्या आठवड्यात जाणार आहेत. सुनेनेही तोंड उघडलंय. म्हणते, शाळा सोडायची की नाही ते मी ठरवीन, आणि आले तर आधी माझा पगार ठरवा.