‘घरचंच खा’ म्हणता, पण करणार कोण?

डिसेंबर उजाडला की वर्तमानपत्रांत आणि व्हॉट्सॲपवर सणाचे आरोग्यसल्ले फिरू लागतात. केक जपून खा, गोड कमी करा, चालायला जा. त्यातला सगळ्यांचा लाडका सल्ला म्हणजे ‘बाहेरचं नको, घरीच करा’. हे सगळे सल्ले खाणाऱ्यासाठी असतात. जी पहाटे उठून पीठ मळते, नानकटाईचे ट्रे भट्टीवरून भाजून आणते आणि रात्री अकराला शेवटचा घाणा काढते, तिच्यासाठी त्यात एक ओळही नसते. माझा आक्षेप यालाच आहे.

नाताळ म्हणजे मुंबई-गोव्याचा सण, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. पण धुळे, नंदुरबार, नवापूर, चिंचपाडा या पट्ट्यात मिशनच्या काळापासून ख्रिस्ती कुटुंबं आहेत. जळगाव-भुसावळलाही चर्च आहेत. इथल्या नाताळात केकच्या जोडीला करंज्या, शंकरपाळे, चकल्या, चिवडा असा आपला नेहमीचा फराळ असतो. कॅरोल गाणारी मंडळी घरोघरी येतात, म्हणून त्याआधी डबे भरलेले हवेत. २५ तारखेला उपासनेनंतर पाहुणे, मग नातेवाइकांकडे जाणं-येणं, ३१ च्या रात्रीची उपासना आणि १ जानेवारीचं जेवण. दिवाळीत शेजारच्या हिंदू घरात आणि ईदला मुसलमान घरात वेगळं काही घडत नाही. पदार्थ बदलतात, ओट्याशी उभी असणारी तीच असते.

हे नुसतं वाटणं नाही. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता. जे पुरुष घरकाम करतात, त्यांची सरासरी ९७ मिनिटं. आणि असे पुरुष शंभरात २६ च होते. ही साध्या दिवसांची सरासरी आहे. सणाच्या आठवड्यात काय होत असेल, याचा हिशेब तुम्हीच घरी मांडून पाहा.

आता यात डॉक्टरने का बोलावं, ते सांगतो. पन्नाशीच्या पुढच्या अनेक बायकांना मधुमेह किंवा ब्लडप्रेशर असतं. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या शरीरातून इन्सुलिन बाहेर काढायला लावतात. गोळी घेतली की ठरल्या वेळी पोटात अन्न जायलाच हवं. सणाच्या दिवशी होतं असं, की ती सकाळी सवयीने गोळी घेते, मग ‘हा एवढा घाणा झाला की खाते’ म्हणत दुपारचे दोन वाजतात. मधे फक्त चहा आणि चवीपुरता तुकडा. शिवाय चार तास उभ्याने काम, म्हणजे साखर जास्त खर्च होते. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, चिडचिड होते, बोलण्यात गोंधळ होतो. घरातले म्हणतात, ‘दमली आहे, जरा पडू दे.’ आणि ती अंथरुणावरच बेशुद्ध होऊ शकते. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हाच धोका आहे. ब्लडप्रेशरसाठी मेटोप्रोलॉल किंवा एटेनोलॉल चालू असेल, तर धडधड आणि थरथर जाणवतही नाही. घाम तेवढा येतो, आणि तो तर गॅसपाशी उभं राहिल्याने आला असंच सगळ्यांना वाटतं.

ब्लडप्रेशरचं निराळंच. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि प्रेशर वाढतं. आपल्या धुळ्यात डिसेंबरअखेर पारा एक आकडी होतो. त्यात चकली-चिवड्याचं मीठ, अपुरी झोप आणि ‘कामात राहून गेली’ म्हणून चुकलेली गोळी. हे तिन्ही एकाच आठवड्यात एकत्र येतात.

बरं, एवढं करून ‘घरचं’ ते खरंच पथ्याचं असतं का? मैदा, साखर आणि तळण घरी आलं म्हणून त्याचे गुण बदलत नाहीत. वनस्पती तूप आणि बाजारी पदार्थांतल्या कारखानी ट्रान्स फॅटवर सरकारने २०२२ पासून एकूण स्निग्धांशाच्या २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल किती खराब झालं की टाकून द्यायचं, याचाही नियम हॉटेल-फरसाणवाल्यांना आहे. करंज्यांचं उरलेलं तेल आपण गाळून ठेवतो, त्यातच चकल्या करतो आणि मग भाजीला वापरतो. तिथे तपासायला कोणी येत नाही. बाजारचं सगळं चांगलं, असं मी म्हणत नाही. पण घरचा फराळ आरोग्याच्या नावाखाली तिच्याकडून करून घेऊ नका. चवीसाठी हवा असेल तर तसं स्पष्ट म्हणा आणि कामाला हात लावा.

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘डॉक्टर, तिलाच हौस आहे, आम्ही कुठे सांगतो?’ असेल हौस. सणाचा पहिला केक फुगून आला की होणारा आनंद खरा असतो. पण आठ प्रकार, पंचवीस पाहुणे आणि सकाळपासून उपाशी पोट, याला हौस म्हणणं सोयीचं आहे. हौसेचं काम माणूस दमल्यावर थांबवू शकतो. तिला थांबता येतं का, एवढंच विचारून पाहा.

म्हणून या आठवड्यासाठी घरातल्या पुरुषांना आणि मोठ्या मुलांना माझं सांगणं आहे. प्रकार आठाऐवजी तीन करा, एखादा बाहेरून आणा. भट्टीवर ट्रे नेणं-आणणं, तळणं आणि भांडी ही कामं तुम्ही घ्या. सकाळी नऊला तिने गोळी आणि नाश्ता दोन्ही घेतलं का, ते बघा. ती जेवल्याशिवाय पाहुण्यांची दुसरी पंगत बसवू नका.

बायांनो, तुमच्यासाठी: खायला उशीर होणार हे आधीच माहीत असेल, तर मधुमेहाच्या गोळीचं किंवा इन्सुलिनचं काय करायचं, ते आपल्या डॉक्टरांना सणाआधीच विचारा. मनाने बंद करू नका, आणि गोड खाल्लं म्हणून दुप्पटही घेऊ नका.

घाम, थरथर, गोंधळ वाटला तर ग्लुकोमीटरने साखर पाहा. मशीन नसेल तर वाट न पाहता तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या, मग पोळी किंवा भात खायला लावा. केक देऊ नका, त्यातल्या तूप-लोण्यामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. या गोळ्यांचा परिणाम बराच वेळ टिकतो. एकदा बरं वाटलं तरी साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पुढच्या वेळी कोणी ‘घरीच करा’ असा सल्ला दिला, तर त्याला एक प्रश्न विचारा: तुमच्या घरी कोण करतं, आणि ती जेवते किती वाजता?